स्त्रियांचे रिव्हॉल्व्हर

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने ‘निर्भीक’ या नावाचे एक रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष अत्याचारात बळी पडलेल्या तरुणीस लोकांनी ‘निर्भया’ म्हटले होते. त्या नावाचाच पडसाद या नावात उमटावा अशी योजना होती. शस्त्राचा व्यास .३२, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. आणि ते ठेवावयास दागिन्यांच्या पेटीसारखी एक तांबूस पेटी. वस्तू हलकी आहे, लहान आहे, पर्समध्ये मावते, म्हणून ती स्त्रियांसाठी आहे, असा या जाहिरातीचा एकूण युक्तिवाद. आमचे भांडण या युक्तिवादातील ‘म्हणून’ या एका शब्दाशी आहे.

स्त्रीने शस्त्र बाळगावे की नाही, या वादात आम्ही येथे शिरत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने त्याबाबत स्त्री आणि पुरुष असा भेद केलेला नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या, कायद्याने अपात्र नसलेल्या कोणाही व्यक्तीने सबळ कारण दाखवावे, पोलिसांचा अहवाल व्हावा, आणि अधिकाऱ्याची खात्री पटल्यास परवाना मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. एकटीने गावोगाव फिरणारी डॉक्टर, रोकड घेऊन येणारी पेढीची मालकीण, धमक्यांची पत्रे ज्यांच्या दारी येतात अशा वकीलभगिनी, यांपैकी कोणी ही वाट चालून गेली असे समजू. परवाना हाती आला. आता दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या शस्त्रांतून आपले पहिले शस्त्र तिने कोणते निवडावे? येथेच तिचा बुद्धिभ्रंश करण्याचा उद्योग सुरू होतो. दुकानदार तिच्या हाताकडे पाहतो, हात लहान दिसतो, आणि दुकानातील सर्वांत चिमुकली वस्तू तो तिच्यापुढे ठेवतो.

हा समज काही आपल्याकडेच जन्मला असे नाही. थंडीत हात उबदार ठेवण्यासाठी युरोपातील स्त्रिया जो लोकरी वा कातडी ‘मफ’ वापरीत, त्यात लपविण्याची इवलीशी पिस्तुले अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत होत असत. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९०२ पासून १९२१ पर्यंत .२२ व्यासाचे एक लहानसे रिव्हॉल्व्हर केले. ते ‘लेडीस्मिथ’ म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे १९८९ मध्ये कंपनीने हेच नाव आपल्या काही मोठ्या व्यासाच्या शस्त्रांना दिले. स्त्रीचे म्हणजे चिमुकले आणि नाजूक, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कल्पना जुनी झाली म्हणजे खरी होते असे मात्र नाही.

हाताचे माप आणि शस्त्राचे आकारमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लहान हाताला अडचण होते ती शस्त्राच्या लांबीची नव्हे, तर मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतच्या अंतराची. शस्त्र नीट धरले असता नळी मनगट व कोपर यांच्या सरळ रेषेत यावी आणि तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर सहज टेकावी. अंतर अधिक असेल तर बोट पोचविण्यासाठी हात मुठीभोवती फिरवावा लागतो. मग धक्का तळहाताच्या मांसल भागाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो, आणि चाप ओढताना नळी बाजूस सरकते. हे अंतर चिमुकल्या शस्त्रात कमी असतेच असे नाही, आणि मोठ्या शस्त्रात अधिक असतेच असेही नाही. जाड लाकडी मूठ बसविलेले छोटे रिव्हॉल्व्हर लहान हाताला न पेलणारे ठरते, तर सडपातळ मुठीचे लांब पिस्तूल त्याच हातात चपखल बसते. उलट, मूठ फारच आखूड असेल तर करंगळी खाली लोंबकळते आणि पकडीचे एक बोट वाया जाते. ज्या हातात बळ कमी, त्याच हाताचे एक बोट काढून घेणे ही स्त्रीदाक्षिण्याची चमत्कारिक तऱ्हा म्हटली पाहिजे!

आता वजनाचा विचार करू. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने शस्त्र मागे येते, हे शाळेतील पदार्थविज्ञान आहे. काडतूस तेच ठेवून शस्त्र ७०० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅमचे केले, तर हातावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १.४ पट होते. .३२ चे काडतूस स्वभावतः सौम्य असल्याने हा धक्का सोसण्याजोगा असतो, हे आम्ही मान्य करतो. पण ते श्रेय काडतुसाचे आहे, हलकेपणाचे नव्हे. हलके शस्त्र दिवसभर बाळगण्यास सोयीचे, आणि जड शस्त्र झाडण्यास सोयीचे. ‘स्त्रीला हलके बरे’ म्हणणारा ग्राहकाला यांतील एकच बाजू सांगतो. वकिलाने न्यायालयात असे केले तर त्याला आम्ही काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

तिसरी बाब चापाची. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबून बार काढावयाचा, तर त्या एका बोटाला साधारणतः चार ते पाच किलोग्रॅमचा जोर लावावा लागतो. म्हणजे अर्ध्या किलोच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या आठ-दहापट ओढ! पकड कच्ची असेल तर हलणार काय? चाप नव्हे, शस्त्रच हलणार. घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप पुष्कळ हलका होतो खरा. परंतु घाबरलेल्या, घामेजल्या हातात असे उचललेल्या घोड्याचे शस्त्र असणे हेच एक नवे संकट आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी हा चाप आपल्या बोटाने सलग, न थरथरता ओढता येतो की नाही, हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. जाहिरातीत वजनाचा आकडा ठळक छापतात; चापाचा आकडा क्वचितच दिसतो.

पिस्तुलाबद्दल तर उलटाच गैरसमज आहे. त्याचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो बायकांना ओढवत नाही, म्हणून त्यांनी पिस्तुलाच्या वाटेस जाऊ नये, असे सर्रास सांगितले जाते. ९ मिलिमीटर पॅराबेलम हा व्यास आपल्याकडे सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने व्यवहारात पिस्तूल बहुधा .३२ चेच मिळते. या जातीची पिस्तुले सामान्यतः अशा रचनेची असतात की गोळी सुटताना मागचे तोंड केवळ स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. तेव्हा पिस्तूल जितके चिमुकले, तितकी स्प्रिंग ताठ. आकार लहान केल्याने येथे काम सोपे होत नाही, अवघड होते. शिवाय ही केवळ बळाची बाब नाही. नळी निर्धोक दिशेस, बोट चापाबाहेर, एका हाताने स्लाइड वरून घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलावी. म्हणजे बोटांचे काम खांदा आणि पाठ करतात. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने सहज ओढता येईल अशा स्लाइडचे .३८० व्यासाचे पिस्तूल बाजारात आणले. अडचण स्त्रीच्या मनगटात जितकी, तितकीच यंत्राच्या रचनेत असते, याची ही कबुलीच होय.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘पण स्त्रीला ते लपवून न्यावयाचे असते!’ लपवून नेणे हे स्त्रियांचे खास दुखणे नाही. तो सर्व परवानाधारकांवरचा निर्बंध आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे ते होल्स्टरमध्ये वा तत्सम साधनात, पूर्णपणे झाकलेले, आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असेल असे. यांतील शेवटची अट वाचकभगिनींनी पुन्हा वाचावी. पर्स खांद्यावरून ओढली जाते, दुकानाच्या गल्ल्यावर विसरते, घरी लहान मूल तिच्यात खाऊ शोधते. पर्समध्ये मावणे हा शस्त्राचा गुण म्हणून मिरविणाऱ्यांनी पर्सचा स्वभाव कधी पाहिलेला नाही. कंबरेस घट्ट बसणारे, चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर ही शस्त्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे.

आमच्या व्यवसायाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावयाची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वीच्या दंडविधानाप्रमाणेच उदारपणे राखला आहे. मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला, अशा प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. संकटात सापडलेल्या माणसाने बळाचे मोजमाप सोनाराच्या काट्यावर करावे अशी अपेक्षा न्यायालये करीत नाहीत. प्राणघातक हल्ल्यात निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्यावाचून बचावच शक्य नसेल, तर तो धोका पत्करण्याचीही कायदा मुभा देतो. पण कायद्याने क्षमा केली म्हणून सुटलेली गोळी परत येत नाही. बाजारपेठेत, बसस्थानकावर, स्वतःच्या घरच्या पातळ भिंतीपाशी हाताला न बसणारे शस्त्र झाडावे लागणाऱ्या स्त्रीपुढे हा धोका उभा असतो. तो दुकानदारापुढे नसतो, आणि जाहिरातदारापुढे तर नसतोच.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सरकारी असोत वा खाजगी, शस्त्र करणाऱ्यांनी मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचे अंतर, मुठीचा घेर आणि चापाची ओढ हे आकडे किंमतीच्या शेजारी छापावेत. निरनिराळ्या जाडीच्या मुठी मागितल्या असता मिळाव्यात. परवानाधारकास खरेदीपूर्वी नेमबाजीच्या मान्य मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, दोन-तीन प्रकारची शस्त्रे झाडून पाहता यावीत. सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची तरतूद नियमांत आहे. त्या शिक्षणातच हाताचे माप घेण्याचा पाठ घालण्यास अडचण कोणती? आणि परवान्यावर लिहिलेल्या काडतुसांच्या मर्यादेत सरावाच्या काडतुसांचा निराळा विचार व्हावा. वर्षाकाठी एकदाही न झाडलेले शस्त्र हे शस्त्र नसून ठेव आहे.

राहिला प्रश्न निर्भयतेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. दिव्याचा खांब, वेळेवर येणारी बस, तक्रार लिहून घेणारा हवालदार आणि वर्षानुवर्षे न लांबणारा खटला, यांची जागा कोणतेही रिव्हॉल्व्हर घेऊ शकत नाही. ही देणी चुकविण्याऐवजी सरकारी कारखान्याने स्त्रियांना सव्वा लाखाची पेटी दाखवावी, हे आम्हांस विपरीत वाटते. तरीही ज्या भगिनीने विचारपूर्वक शस्त्र घेण्याचे ठरविले असेल, तिने दुकानात प्रथम पेटी बाजूस सारावी, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, नळी निर्धोक दिशेस धरावी, आणि आपले बोट चापापर्यंत कसे पोचते ते पाहावे. ते नीट पोचत नसेल, तर शस्त्राचे नाव काहीही असो, ते परत काचेमागे ठेवावयास सांगावे.