मास्क ही शेवटची ढाल आहे, पहिली नव्हे

रासायनिक कारखान्यात वायुगळती होऊन माणसे गुदमरली की एक वाक्य हमखास कानी येते : ‘मास्क दिले होते, कामगारांनीच वापरले नाहीत.’ फुप्फुसांच्या रक्षणाचा सगळा भार हे वाक्य श्वास घेणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवते. ते वरवर पटते, कारण मास्क डोळ्यांना दिसतो, त्याच्या खरेदीची पावती दाखवता येते आणि ठपका ठेवायला माणूस समोर असतो. पण हा युक्तिवाद विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही आणि न्यायाच्याही. मुळात ‘मास्क’ हा शब्दच फसवा आहे. नाकावर बांधलेला कोरडा रुमाल वायू अडवत नाही. एन-९५ मास्क धुळीचे आणि थेंबांचे कण रोखतो. क्लोरीन किंवा अमोनिया त्यातून सरळ आत जातो. वायूसाठी त्या-त्या रसायनाला शोषणारे कार्ट्रिज लागते, आणि तेही काही वेळाने संपृक्त होऊन निकामी होते. प्राणवायूच कमी असलेल्या टाकीत उतरायचे तर गाळणीचा काहीच उपयोग नाही. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवावी लागते. म्हणून कोणता मास्क, कशासाठी आणि किती वेळासाठी, हे सांगितल्याखेरीज ‘मास्क दिला होता’ हे विधान निरर्थक आहे.

दुसरा समज असा, की विषारी वायू वासावरून कळतो आणि सावध माणूस वेळेत पळतो. अमोनियाबाबत हे बरेचसे खरे आहे. तो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे डोळे, नाक आणि घशाच्या ओलाव्यातच झोंबतो आणि माणूस मागे सरतो. फॉस्जीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मात्र तितके विरघळत नाहीत. ते वरच्या श्वासमार्गाला फारसा इशारा न देता वायुकोशांपर्यंत पोचतात. सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरेही वाटते, आणि काही तासांनी, कधी दिवस उलटल्यावर, फुप्फुसांत पाणी भरू लागते. अशा माणसाला ‘ठीक दिसतो’ म्हणून लगेच घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा याहून घातक. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे वाटते त्याच क्षणी धोका वाढलेला असू शकतो. ज्या इंद्रियालाच विष निकामी करते, त्याच्या भरवशावर सुरक्षा उभी करता येत नाही.

दोष श्वास घेणाऱ्याचा नसतो, याचा निर्णायक पुरावा भोपाळने दिला. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन सुटले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारी चिमणी दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेली होती, आणि वायू धुऊन निर्विष करणारा स्क्रबर एवढ्या लोंढ्यापुढे हतबल ठरला. त्या वेळी शेजारच्या वस्तीत माणसे झोपलेली होती. त्यांचा निष्काळजीपणा कोणता? खरा प्रश्न साठ्याचा होता. तिथले कार्बारिल हे कीटकनाशक बनवताना रासायनिक क्रियांचा क्रम बदलला, तर मिथाइल आयसोसायनेट लागतच नाही. जे जवळ नाही ते गळूही शकत नाही, हे सूत्र ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश अभियंत्याने १९७८ मध्येच, दुर्घटनेच्या सहा वर्षे आधी, मांडले होते.

यावर उद्योगाचा आक्षेप असतो खर्चाचा. प्रक्रिया बदलणे, बंदिस्त जोडण्या, वायू उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था आणि गळतीची सूचना देणारी उपकरणे यांना पैसा लागतो, हे नाकारता येत नाही. पण ते टाळून वाचलेला पैसा नाहीसा होत नाही. त्याची वसुली कामगाराच्या आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांतून होते, आणि व्रण पडलेल्या फुप्फुसाची भरपाई पुष्कळदा होतच नाही. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम (तीव्र गंधकाम्ल) गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर निरपवाद जबाबदारी टाकली, ती याच न्यायाने : नफा ज्याचा, जोखीमही त्याचीच. दुसरा आक्षेप असा, की मग मास्क टाकूनच द्यायचे का? मुळीच नाही. दुरुस्तीत, बचावकार्यात आणि अपघाताच्या क्षणी योग्य श्वसनरक्षक जीव वाचवतो. तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही हे तपासलेच पाहिजे. मात्र क्रम ढळता कामा नये. आधी विष टाळावे किंवा त्याचा साठा घटवावा, मग ते बंदिस्त करावे, मग हवा मोजावी, आणि एवढे करूनही जो धोका उरेल त्यासाठी मास्क द्यावा. डोंबिवली, तळोजा, लोटे परशुराम यांसारख्या, वस्तीला लागून असलेल्या औद्योगिक पट्ट्यांत तर हा क्रम पाळण्यावाचून गत्यंतर नाही. यापुढे कुठल्याही गळतीच्या चौकशीत ‘मास्क दिला होता का’ हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. पहिला प्रश्न हाच असला पाहिजे : ते विष तिथे होतेच कशासाठी, आणि एवढे का होते?