समुद्र फुकट, पण काठ कुणाचा?

परवा मावसभावाचा फोन आला. ऑगस्टमध्ये तो, वहिनी आणि दोन पोरं फ्रान्स-इटलीला निघालेत. म्हणाला, "दादा, तू पत्रकार माणूस, तुला शोधाशोधीची सवय आहे. पोरांना एक दिवस भूमध्य समुद्रात डुंबायचंय. एखादा बीच शोधून दे. फक्त टूरवाला सांगतो तसा खुर्ची-छत्रीचा खर्च नको."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. दोन रात्री गेल्या. कारण बीच शोधता शोधता कळलं की हा सहलीचा विषय नाहीच. किनारा कुणाचा, यावर तिकडे कायदे झालेत, कोर्टकज्जे झालेत, लोक टॉवेल घेऊन मोर्चाला उतरलेत.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि किनाऱ्यावरचं सगळं उचलायला लावते. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने अटलांटिकला जोडलेला, त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक वीतभर-हातभरच. म्हणजे पाण्याला लागून खुर्च्या मांडल्या की हंगामभर हलवायची गरज नाही. अतिक्रमणाला निसर्गाचीही आडकाठी नाही!

इटलीचंच घ्या. कायद्याने किनारा सरकारचा. पण वर्षानुवर्षं त्याचे पट्टे खाजगी लोकांना परवान्यावर दिलेत. रांगेत छत्र्या, रांगेत खुर्च्या, दिवसाचं भाडं. परवाने बापाकडून पोराकडे आल्यासारखे चालू. युरोपीय संघाचा 2006 चा नियम सांगतो की असे परवाने खुल्या स्पर्धेनेच द्या. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बजावलं की 2023 नंतर आपोआप मुदतवाढ चालणार नाही. आणि 2024 मध्ये सरकारने मुदत नेली थेट सप्टेंबर 2027 पर्यंत. वाचताना मला तर आपलीच एखादी नगरपालिका आठवली.

पण तिथलाच कायदा हेही सांगतो की परवानावाल्याने पाण्यापर्यंत जायला फुकट वाट दिलीच पाहिजे. म्हणून भावाला लिहून दिलं: पाटीवर 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे मोकळा किनारा असं दिसलं की तिथे बस. आणि 15 ऑगस्टला इटलीत किनाऱ्याकडे फिरकू नकोस. त्या दिवशी त्यांचा 'फेर्रागोस्तो' सण, अख्खा देश समुद्रावर असतो.

ग्रीसमध्ये लोक गप्प बसले नाहीत. 2023 च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे रहिवासी टॉवेल खांद्यावर टाकून किनाऱ्यावर उतरले. मागणी एकच, आम्हाला आमचा टॉवेल पसरायला जागा द्या. पुढच्याच वर्षी कायदा झाला. खुर्च्या पाण्यापासून किमान 4 मीटर लांब, किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा, संरक्षित ठिकाणी 70 टक्के. शिवाय नागरिकाला तक्रार करायला मोबाइल ॲप. कायदा पुरेपूर पाळला जातो असं मी म्हणत नाही. पण टॉवेलातून कायदा निघाला, हे छोटं नाही.

फ्रान्सने तर नैसर्गिक किनाऱ्याचा 80 टक्के भाग मोकळा ठेवायचा नियम केलाय. मग मार्सेयजवळची सुजितोंची खाडी पाहिली. तिथे गर्दीच्या दिवशी दोन-अडीच हजार माणसं जायची, जमीन झिजली, झाडांची मुळं उघडी पडली. 2022 पासून उन्हाळ्यात दिवसाला फक्त 400 जणांना प्रवेश. आधी नाव नोंदवायचं, शुल्क शून्य. सार्डिनियातल्या ला पेलोसावर दिवसाला 1500 माणसं, वर माणशी साडेतीन युरो, आणि टॉवेलखाली चटई सक्तीची, कारण ओल्या टॉवेलला वाळू चिकटून जाते. आठवण म्हणून बाटलीत वाळू भरून आणली तर 500 ते 3000 युरो दंड.

आता माझं मत सांगतो. किनाऱ्यावर मर्यादा हवीच. प्रश्न आहे ती कशाने घालायची. पैशाने घातली तर गरिबाचं पोर बाहेर राहतं आणि किनारा वाचतोच असंही नाही. आकड्याने घातली तर श्रीमंत-गरीब एकाच रांगेत. म्हणून मला सुजितो पटतं. त्यातही खोट आहे. ऑनलाइन नोंदणी म्हणजे ज्याला मोबाइल जमत नाही तो मागे पडतो. पण ती खोट दुरुस्त करता येते, खिडकी उघडता येते. नोटांची भिंत तशी हटत नाही.

खुर्चीवाल्यांची बाजूही ऐका. तेच जीवरक्षक ठेवतात, संडास-नळ सांभाळतात, गावातल्या पोरांना काम देतात. खरं आहे. म्हणून त्यांना हाकला असं मी म्हणत नाही. खुर्चीचे पैसे घ्या, समुद्राचे घेऊ नका, एवढंच.

शेवटी भावाला काय सुचवलं? सुजितो नाही. पायवाट दगडधोंड्यांची, प्यायला पाणी नाही, वणव्याचा धोका असेल त्या दिवशी वाट बंद. पोरांबरोबर कशाला तो ताण? त्याला मार्सेयच्या प्रादो किनाऱ्यावर पाठवलंय. शहरातला, फुकटचा, उन्हाळ्यात जीवरक्षक असलेला. आणि गंमत ऐका. हा किनारा माणसाने बनवलेला आहे. 1970 च्या दशकात मेट्रोचे बोगदे खणताना निघालेली माती समुद्रात टाकून त्यावर लोकांसाठी किनारा उभा केला. विकासकामाच्या ढिगाऱ्यातून सर्वांसाठी जागा! आपल्याकडे बहुतेक उलटं होतं, सर्वांच्या जागेवर विकासकामाचा ढिगारा.

सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "दादा, मी फिरायला चाललोय की आंदोलनाला?"

म्हटलं, टॉवेल घेऊन जा, दोन्हीला चालतो.

गोव्यात शॅकवाल्यांच्या खाटा आपण पाहतोच. कोकणातही पर्यटन वाढतंय, वाढावंच. पण पहिली खाट पडायच्या आधी ठरवा, टॉवेल पसरायला किती जागा ठेवायची. नंतर मागायला गेलं की कोर्टाच्या तारखा पडतात, मुदतवाढ मिळते आणि आपण काठावरच्या रस्त्यावरून समुद्र बघत बसतो.

तुमच्या जवळच्या किनाऱ्यावर काय परिस्थिती आहे? खाली लिहा, वाचतोय.