हौसेला मोल असतं!

अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, म्हणजे बारावीच्या मुलांना 'सीनियर' म्हणतात. त्यांचे खास फोटो काढायची तिथे रीत आहे, ते 'सीनियर पोर्ट्रेट'. नात यंदा बारावीत, म्हणून हे प्रकरण मला जवळून कळलं. मुलींच्या खांद्यावर काळं वस्त्र, मुलांना टक्सेडो, मग पदवीची टोपी आणि झगा. फोटोला बसायची फी वेगळी, चेहऱ्यावरची पुटकुळी पुसायचे पैसे वेगळे, आणि छापील फोटोंची 'पॅकेजेस' शेकडो डॉलरांची!

हौस करू नये असं मी म्हणत नाही. माझा राग आहे तो शाळांवर. शाळा एका कंपनीशी करार करते, पालकांना निरोप शाळेमार्फत जातो, आणि अनेक करारांत विक्रीतला हिस्सा शाळेला मिळतो. म्हणजे मास्तरांनीच दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं! "शाळेला तेवढीच मदत होते" असं कुणी म्हणेल. मदत हवी तर उघड वर्गणी मागा ना. फोटोच्या आडून कशाला?

पालकहो, दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. शाळेच्या वार्षिक पुस्तकातला फोटो एक आणि पॅकेज दुसरं. पुस्तकासाठी ठरलेल्या फोटोग्राफरकडे जावं लागलं, तरी पॅकेज घ्यायची सक्ती सहसा नसते. काही शाळा बाहेर काढलेला फोटोही घेतात. मात्र आकार, पार्श्वभूमी आणि शेवटची तारीख आधी विचारून घ्या. घरात लावायचा फोटो मामा-काकांनी संध्याकाळच्या उन्हात काढला तरी छान येतो. पैसे मोजायचेच, तर डिजिटल फाइल आणि छापण्याची लेखी परवानगी मागा. तिथल्या कायद्याने फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याकडेच राहतो. परवानगी नसेल, तर प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा त्याच्याच दारात जावं लागेल.

ज्याला हे परवडत नाही असं पोर प्रत्येक वर्गात असतं, आणि ते कधी हात वर करून सांगत नाही. इतकी वर्षं शिकवल्यावर एवढं तरी मला कळतं. शाळेनं त्या पोराची बाजू घ्यायची की दुकानाची?

लेकीला सांगितलंय, पालकसभेत सरळ विचार : शाळेचा हिस्सा किती, आणि तो जातो कुठे? तुमची मुलं तिकडे शिकत असतील, तर तुम्हीही विचारा.