सूर्याचे देणे, आपले देणे

माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. या दिवशी अंगणोअंगणी सप्ताश्वरथाची रांगोळी रेखली जाते. गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध तापते व उतू जाते, आणि गृहिणी पूर्वेस हात जोडते. एरवी दूध उतू गेले की जीव हळहळतो. या दिवशी मात्र त्यात धन्यता मानतात. कारण ज्याने दिले, त्याला परत देण्याचा हा दिवस आहे.

कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाच्या करग्रहणाला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पृथ्वीचा रस घेतो तो सहस्रपटीने परत देण्यासाठी. राजाने करही त्याच न्यायाने घ्यावा. घेणे आणि परत देणे हे चक्र म्हणजेच धर्म. आज ऋतूंविषयी जो वाद चालला आहे, त्याचे मर्म हे चक्र बिघडण्यातच आहे.

कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेले सूर्यतेजच. ती ठेव मानव दोन-अडीच शतके उधळीत आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर आहे. २०२४ हे तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्पधारणशक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस दीर्घकाळ दडी मारतो आणि येतो तेव्हा कोसळतो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत भिजण्याचे दुःख अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

कोणी म्हणतात, ही ईश्वराची इच्छा. परंतु ईश्वरेच्छेच्या आड आपले कर्म झाकणे ही भक्ती नव्हे. कोणी म्हणतात, धूर श्रीमंत राष्ट्रांनी केला, आम्ही का सोसावे? यात तथ्य आहे. साचलेल्या कर्बवायूत त्यांचा वाटा मोठाच आहे. पण शेजाऱ्याने ऋण बुडविले म्हणून आपणही बुडवावे, असे कोणते शास्त्र सांगते?

आपल्याच जिल्ह्यात तिरोड्यास ३३०० मेगावॉट क्षमतेचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतील निम्मा भाग कोळसा, तेल व वायू यांखेरीजच्या साधनांचा झाला. तरी प्रत्यक्ष विजेत कोळसाच अग्रभागी आहे. सूर्य मावळतो, मेघांआड जातो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय साठवणीचा. आणि साठवणीची विद्या या भूमीस नवी नाही! कोहळी समाजाने नवेगावबांधसारखे तलाव बांधले, ते चार महिन्यांचे देणे बारा महिने पुरावे म्हणूनच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि कित्येकांत गाळ साचत राहिला. कोसळणारा पाऊस धरून ठेवण्यास आज त्याच तलावांची निकड आहे.

सौरपंपाने शेतकऱ्यास दिवसा पाणी मिळते. वाघ-अस्वलांच्या रानालगत रात्री बांधीवर जाण्याचे भय टळते. परंतु वीज फुकट म्हणून दिवसभर उपसा केला, तर विहीर कोरडी पडेल. संयमावाचून सूर्यशक्तीही शापच ठरते.

म्हणून भाविक सज्जनांस विनंती आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक करण्याची योजना उभी राहिली. आपल्या सभामंडपाच्या छपरावर दोन-चार सौरपट्ट्या बसविणे अवघड नाही. उत्सवाची रोषणाई निम्मी करावी, आणि वाचलेल्या वर्गणीतून मृगापूर्वी गावच्या तलावाचा गाळ काढून शेतात टाकावा. अर्घ्याचे पाणी ओंजळभर असते. ते ज्या तलावातून येते, तो भरलेला राखणे हेही अर्घ्यदानच आहे.