फोटोच्या पाठीवरची ओळ

आज तुम्हांला एक शोधकथा सांगणार आहे. तिच्यात चोर नाही, पोलीस नाहीत, पुरलेला खजिनाही नाही. हरवलेली वस्तू मात्र चांगली मोठी आहे. एक अख्खं चर्च!

तुम्ही म्हणाल, चर्च कसं हरवेल? छत्री हरवते, कंपासपेटी हरवते. चर्च तर जागच्या जागी उभं असतं. अगदी खरं. पण आमच्या घराला ते हरवलं होतं. ते नेमकं कुठलं, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हेसुद्धा ठाऊक नव्हतं!

त्याचं झालं असं...

आम्ही मूळचे वसईचे, पापडीकडचे. आमच्या कपाटात आई-बाबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. चर्चच्या पायऱ्यांवर नवरा-नवरी, बाजूला पाच-सहा माणसं आणि मागे दाराची अर्धी कमान. पाठीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'सेंट मायकल, मे १९६१'. बस्स, एवढंच.

आईचं माहेर माणिकपूर. म्हणजे वसई रोड स्टेशनच्या जवळचं. तिथल्या चर्चचं नाव सेंट मायकल. लग्न बहुधा नवरीकडच्या चर्चमध्ये लागतं. मग काय, दोन नि दोन चार! लग्न माणिकपूरला झालं, असं आम्ही भावंडं धरूनच चाललो होतो. विचारायची गरजच काय?

पुढे बाबा गेले. आई थकली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला विसरायला व्हायला लागलं. चहा घेतला की नाही, ते आठवायचं नाही. कधी कधी मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. एक दिवस म्हणाली, "मला एकदा आमच्या लग्नाच्या चर्चमध्ये ने गं बाय."

आम्ही रिक्षा केली आणि तिला माणिकपूरला नेलं. ती बाकावर बसली. हात जोडले. सावकाश सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माहेरचं चर्च. लग्नाचं नाही हे."

दादा म्हणाला, "अगं आई, माहेरच्याच चर्चमध्ये लग्न झालं ना तुझं!"

"नाही रे. तिथे समुद्राचा वारा होता. डोक्यावरची जाळी सारखी उडत होती माझी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बिचारी विसरली, असं डोळ्यांनीच बोललो. "बरं बरं," म्हणून तिला घरी घेऊन आलो. त्यानंतर काही महिन्यांनी आई गेली.

आता या गोष्टीत येते माझी भाची. आठवीत आहे. शाळेत तिला घराण्याचा वृक्ष काढायला सांगितला होता. कोण कुठे जन्मलं, कुणाचं लग्न कुठे झालं, सगळं भरायचं होतं. आजी-आजोबांच्या चौकटीत मी 'माणिकपूर' लिहायला सांगितलं. माणिकपूरची हकिकतही सांगितली. बाईसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मावशी, आजी 'हे नाही' म्हणाली ना? मग ती विसरली होती कशावरून?"

काय उत्तर देणार? मी गप्पच बसले.

तिने पुढचा प्रश्न टाकला. "आजोबा लग्नाविषयी काही सांगायचे?" मला बाबांचं एक ठरलेलं वाक्य आठवलं. "तुमच्या आईला मी गाडीने घरी आणलं," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे. आमच्या डोळ्यांपुढे यायची बैलगाडी. घुंगरं, हिरवी वाडी, सगळं कसं छान! भाची मात्र खो खो हसायला लागली. "मावशी, आपण 'सात पाचची गाडी चुकली' म्हणतो, तेव्हा काय बैल सुटलेले असतात?"

अगंबाई! गाडी म्हणजे लोकल! आणि माणिकपूरहून पापडीला यायला लोकल कशाला लागते?

झालं, दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघी माणिकपूर चर्चच्या कार्यालयात हजर. फादरांनी अर्ज लिहून घेतला आणि लग्नांची जुनी नोंदवही काढली. मे १९६१ पाहिला. मागचा एप्रिल पाहिला, पुढचा जूनही पाहिला. आई-बाबांचं नाव कुठेच नाही!

माझं तोंड उतरलं. फादर हसले आणि म्हणाले, "थांबा. अजून एक वही आहे."

इथे एक मोठी माहितीची गोष्ट आहे हं, नीट वाचा. कॅथलिक चर्चमध्ये प्रत्येक लग्नाची नोंद ठेवायची, हा नियम फार जुना. १५६३ साली ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने तो घालून दिला. पण समजा, कुणी दूरच्या गावी जाऊन लग्न केलं, तर घरच्या चर्चला कळायचं कसं? म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक नियम आला. १९०७ साली पोपने हुकूम काढला आणि १९०८च्या ईस्टरपासून तो लागू झाला. लग्न जिथे लागेल तिथल्या धर्मगुरूने, नवरा-नवरीचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, त्या चर्चला कळवायचं. आणि त्या चर्चने बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीशेजारी लग्नाची टीप लिहायची. आजही हा नियम पाळतात.

म्हणजे बघा, माणूस कुठेही जाऊन लग्न करो, त्याची खबर टपालाने त्याच्या बाळपणीच्या पानावर येऊन बसते! आहे की नाही नामी युक्ती?

आईचा बाप्तिस्मा माणिकपूरचाच, १९४० सालचा. फादरांनी ती वही उघडली. पिवळं पडलेलं पान. आईचं नाव. आणि शेजारी समासात बारीक अक्षरात बाबांचं नाव, मे १९६१ची तारीख आणि पुढे... 'सेंट मायकल, माहीम'.

माहीम! अहो, मुंबईचं माहीम! पालघरकडेही एक माहीम आहे, म्हणून फादरांनी पुढचा शब्द पुन्हा वाचला. 'बॉम्बे' असंच होतं. बाबांनी फोटोवर लिहिलेलं नाव अगदी बरोबर होतं. गाव तेवढं आम्ही आमच्या मनाने जोडलं होतं.

मग एकेक कोडं सुटत गेलं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, तेव्हा मुंबईत नोकरीला होते, हे आम्हांला माहीत होतं. पण त्या वर्षांत सगळं बिऱ्हाडच माहीमला होतं, हे कुणी बोललंच नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. म्हणून नवरीचं चर्च माहीमचं, आणि म्हणून वऱ्हाड लोकलने वसईला आलं!

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही माहीमला गेलो. फोटो पिशवीत. बुधवारी तिथे नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांच्या माणसांची केवढी गर्दी लोटते, ते मुंबईकरांना सांगायला नको. आम्ही मुद्दाम दुसरा दिवस निवडला. भाचीने फोटो हातात धरून पायऱ्या शोधायला सुरुवात केली. ही कमान? नाही. तो दरवाजा? छे! एकही खूण जुळेना.

आणि जुळणार तरी कशी? माहीमला चर्च आहे ते सोळाव्या शतकापासून, पोर्तुगिजांच्या काळापासून. पण आज दिसते ती इमारत १९७३ सालची. म्हणजे आई-बाबांच्या लग्नानंतर बारा वर्षांनी उभी राहिलेली! भाचीचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे चर्च सापडलं, पण चर्च नाहीच?"

पण इमारत बदलली, तरी वह्या जपलेल्या होत्या. कार्यालयात ती नोंद निघाली. लग्न लावणाऱ्या धर्मगुरूंची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, बाबांची झोकदार इंग्रजी सही. आणि त्याखाली, सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत, मराठीत लिहिलेलं आईचं नाव. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर सुटं, सावकाश काढलेलं. शेवटी आडनाव माहेरचं. आणि त्या आडनावाच्या शेवटी शाईचा एक टपोरा ठिपका. पेन उचलताना हात थांबला असावा. माहेरचं आडनाव लिहायची ती बहुतेक शेवटची वेळ होती.

मी बराच वेळ त्या ठिपक्याकडेच पाहत राहिले.

बाहेर आलो. समुद्र तिथून जवळच. वारा असा भणाणून आला की, भाचीच्या हातातला फोटोच उडायला लागला. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हणाली, "मावशी, आजी विसरली नव्हती."

नाही. आजी विसरली नव्हती. चहा विसरली होती, माझं नाव विसरली होती. पण वारा विसरली नव्हती. आम्हीच तिला 'बरं बरं' म्हणून गप्प केलं होतं. "आई, तुझंच बरोबर होतं" हे एक वाक्य तिला सांगायचं राहून गेलं. आता कितीही वह्या उघडल्या, तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, या आठवड्याचं तुमचं काम अगदी सोपं आहे. घरातला आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो काढा. लग्न मंगल कार्यालयात झालं असो, वाड्याच्या अंगणात, मशिदीत, विहारात किंवा चर्चमध्ये. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: जागेचं पूर्ण नाव काय? गाव कोणतं? तिथे कशाने गेलात? फोटोतली ही माणसं कोण? उत्तरं फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहा. शाईचं पेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. आणि आजीचं उत्तर तुमच्या समजुतीशी जुळलं नाही, तर "आजी, तू विसरलीस" असं म्हणू नका. तेही लिहून ठेवा!

आणि विचारायला कुणी उरलं नसेल तर? तर आई-बाबांना कागद शोधायला मदत करा. लग्नपत्रिका, निकाहनामा, जुनी पत्रं. ख्रिस्ती लग्न असेल, तर बाप्तिस्म्याची वही विसरू नका. शिवाय १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे कॅथलिक चर्चला आपल्याकडच्या लग्नांच्या नोंदी दर तीन महिन्यांनी सरकारी महानिबंधकांकडे पाठवाव्या लागतात. एका जागी नाही सापडलं, तर दुसऱ्या जागी शोधता येतं. पण चर्चच्या वह्या कुणालाही चाळायला देत नाहीत हं! घरच्या मोठ्या माणसाने रीतसर अर्ज करायचा.

आमच्या फोटोच्या पाठीवर आता एक शब्द वाढलाय. बाबांच्या 'सेंट मायकल'पुढे भाचीने आपल्या अक्षरात 'माहीम' लिहिलंय. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'इथे वारा असतो.'

तुमच्या फोटोच्या पाठीवर काय निघालं, ते मला जरूर कळवा. वाट बघते!