खेळ बायकांचा, पंच पुरुष

'खेळून काय मिळणार आहे तुला?' मैदानावर जाणाऱ्या मुलीला घरात हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. तिच्या भावाला तो सहसा कुणी विचारत नाही. आयुष्यभर खेळूनच या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या काही बायकांची ही गोष्ट. ती अमेरिकेतली आहे, पण प्रश्न आपलाही आहे.

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात १९३३ मध्ये फोर्ड हॉफमन यांनी मुलींचा 'रॅम्बलर्स' हा हौशी सॉफ्टबॉल संघ उभा केला. डॉट विल्किन्सन त्यात आली तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. पुढे तीसेक वर्षं ती कॅचर म्हणून खेळली. रॅम्बलर्सनी १९४०, १९४८ आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्याच शहरातल्या 'क्वीन्स' संघाशी त्यांची चुरस असे. हौशी म्हणजे पगार नाही. पोटासाठी दुसरं काम करायचं आणि वेळ काढून खेळायचं.

पगार देणारं मैदानही होतं. १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग निघाली. तिथे आखूड झग्यात खेळावं लागे आणि घसरत बेस गाठताना मांड्या सोलून निघत. सुरुवातीला तर बायकांनी चालावं-बोलावं कसं, नटावं कसं, याचेही वर्ग घेतले गेले. १९५४ मध्ये ही लीग बंद पडली, तोवर एकाही काळ्या मुलीला तिथे जागा मिळाली नाही. डॉटला या लीगचं बोलावणं आलं होतं. ती गेली नाही, फिनिक्समध्येच खेळत राहिली. आणि रॅम्बलर्सकडून खेळलेली बिली हॅरिस १९८२ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळवणारी पहिली काळी स्त्री ठरली.

या मैदानानं डॉटला आणखी एक गोष्ट दिली. क्वीन्सकडून खेळायला फिनिक्सला आलेली एस्टेल केटो तिची आयुष्याची जोडीदार झाली. दोघी अठ्ठेचाळीस वर्षं एकत्र राहिल्या, २०११ मध्ये एस्टेलचं निधन होईपर्यंत. दोघींचीही नावं हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पण त्यांचं नातं जगासमोर आलं ते फार उशिरा. डॉट २०२३ मध्ये वारली, तेव्हा एकशे एक वर्षांची होती. 'काय मिळालं' याचा हिशेब आता ज्याचा त्यानं करावा.

इथवर ठीक. बायका खेळल्या, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण निवाडा कुणी द्यायचा?

बर्निस गेरा या न्यूयॉर्कच्या बाईंनी १९६७ मध्ये बेसबॉलच्या पंचाचं शिक्षण पूर्ण केलं. काम मात्र मिळेना. कारण काय, तर पंच किमान पाच फूट दहा इंच उंच हवा! बाई होत्या पाच फूट दोन इंच. चेंडू बाद की नाबाद हे पाहायला किती उंची लागते? त्या कोर्टात गेल्या आणि १९७२ मध्ये जिंकल्या. त्याच वर्षी २४ जूनला त्या एका व्यावसायिक सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी आपलाच एक निर्णय सुधारला, तशी संघाच्या मॅनेजरनं हुज्जत घातली. सोबतच्या पंचांनी सहकार्य केलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तो एक सामना संपवून त्यांनी राजीनामा दिला.

'बघा, जमलं नाही ना!' असं म्हणायला लोक मोकळे. पण दार उघडून आत एकटीला ढकलायचं आणि मग ती टिकली नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या नियमित सामन्यात पहिली स्त्री पंच उभी राहिली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. जेन पावोल तिचं नाव. कोर्टाच्या निकालानंतर त्रेपन्न वर्षांनी! ती घडली सॉफ्टबॉलमध्येच. आधी कॅचर, मग पंच.

मैत्रिणींनो, 'पंच' हा शब्द आपल्याला गावातूनही ओळखीचा आहे. पंचांसमोर बाई उभी राहायची ती बहुधा आरोपी म्हणून. राखीव जागांमुळे ती पंचायतीत बसली, तर कारभार पतिराज पाहतात म्हणून हसायचं. खेळातही तेच. मुली खेळोत, पदकं आणोत, पण शिट्टी, गुणतक्ता आणि निवड समिती आपल्याच हातात राहू दे!

महाराष्ट्रात मुली सॉफ्टबॉल खेळतात, कबड्डी, खो-खो खेळतात. आपल्या गटांनी एवढं करावं. गावातल्या, वस्तीतल्या जुन्या खेळाडू बायकांना शोधून त्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात. आणि पुढच्या वेळी शाळेत सामने असतील तेव्हा एकच प्रश्न विचारावा : पंच कोण आहे?