गळ्यातील नळी आणि पहिला आठवडा

अतिदक्षता विभागातील रुग्ण आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला, की नातेवाइकांपुढे आणखी एक संमतिपत्र येते. गळ्याच्या पुढील भागात छेद घेऊन श्वासनलिकेत थेट नळी बसविण्याच्या, म्हणजेच ट्रॅकिऑस्टॉमीच्या शस्त्रक्रियेचे. २०२० आणि २०२१ मधील करोनाच्या लाटांनी हा शब्द अनेक घरांत पोहोचविला. 'ऑपरेशन नीट झाले ना?' एवढेच तेव्हा विचारले जाते. पण खरी कसोटी त्यानंतर सुरू होते आणि तिचा निकाल बऱ्याच अंशी रुग्णाच्या शरीरप्रकृतीवर अवलंबून असतो.

त्वचेपासून श्वासनलिकेपर्यंतचा नवा मार्ग स्थिर होण्यास साधारण आठवडा लागतो. तत्पूर्वी नळी निसटली, तर तो मिटू लागतो. घाईने पुन्हा घातलेली नळी श्वासनलिकेऐवजी भोवतालच्या ऊतींत शिरू शकते. अशा वेळी हाती मोजकी मिनिटे असतात. रक्तस्राव, कफाने वा रक्ताच्या गुठळीने नळी तुंबणे, त्वचेखाली किंवा फुप्फुसाभोवती हवा साठणे हे अन्य धोकेही याच काळातले.

हे धोके सर्वांना सारखे नसतात. स्थूल रुग्णाच्या गळ्यात त्वचा आणि श्वासनलिका यांतील अंतर अधिक असते. नेहमीच्या लांबीची नळी तेथे अपुरी पडते आणि कूस बदलतानाही निसटू शकते. श्वासमार्गाशी निगडित दुर्घटनांची ब्रिटनमध्ये देशव्यापी पाहणी झाली. तिच्या २०११ मधील अहवालाने अतिदक्षता विभागांतील गंभीर घटनांत निसटलेल्या ट्रॅकिऑस्टॉमी नळीला प्रमुख कारण ठरविले आणि स्थूल रुग्णांना विशेष धोका असल्याचे नोंदविले. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, बिंबिका घटलेले वा मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण रक्तस्रावाच्या दृष्टीने नाजूक. लहान मुलांची नळी इतकी अरुंद, की थोडा कफही ती बंद करतो. मोठे गलगंड, मानेवरील पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनी शल्यकर्म अवघड होते.

तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे मोठे ओझे वाहणाऱ्या महाराष्ट्रात आणखी एक गट महत्त्वाचा ठरतो. गाठीने किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेने ज्यांचा वरचा श्वासमार्ग अडला आहे, त्यांची नळी निसटली तर नाका-तोंडावाटे प्राणवायू देण्याचा पर्यायही उरत नाही.

यातील बहुतेक बाबी शस्त्रक्रियेपूर्वीच कळू शकतात. त्यांची दखल घेण्यास वेळही असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅकमॅन' या ब्रिटिश अभ्यासात ९०९ रुग्ण होते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची ट्रॅकिऑस्टॉमी पहिल्या चार दिवसांत उरकल्याने मृत्युदर घटत नाही, असे त्यात आढळले. श्वासमार्ग अकस्मात बंद पडला, तर गोष्ट वेगळी. एरवी एक-दोन दिवस थांबून रक्त गोठण्याचे दोष सुधारणे, सोनोग्राफीने गळ्याची पाहणी करणे आणि योग्य लांबीची नळी मागविणे शहाणपणाचे.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. रुग्ण अतिदक्षता विभागातून वॉर्डात येतो, तेव्हा त्याच्याविषयीची माहिती त्याच्याबरोबर येते का? गर्दीच्या रुग्णालयांत एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात आणि कफ ओढण्याचे काम पुष्कळदा नातेवाइकांवर येते. शस्त्रक्रियेची तारीख, नळीचा आकार, वरचा मार्ग मोकळा आहे की बंद आणि अडचणीत प्रथम कोणाला बोलवावे, एवढे सांगणारी पाटी उशाशी असावी. शेजारी जादा नळ्या आणि चालू स्थितीतील सक्शन यंत्र हवे. व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरणही आवश्यक. त्याचा अभाव अनेक मृत्यूंना कारणीभूत ठरल्याचे २०११ च्या त्याच अहवालात म्हटले आहे.

पाटी लिहिण्यास किंवा जादा नळी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. लागते ती शिस्त. संमतिपत्रावर सही घेताना 'धोका असतो' असे मोघम वाक्य पुरेसे नाही. या रुग्णाला नेमका कोणता धोका आहे आणि त्यासाठी कोणती तयारी केली आहे, हे सांगणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि ते विचारणे हा नातेवाइकांचा हक्क.